पॅटर्नच्या वहीतल्या अकरा सह्या

आबा,

आज रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी साडेआठच्या एसटीने वडगावहून निघाले आणि दहाच्या आत उचगावला आपल्या घरी पोचले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमुळे गाडी दोनदा थांबली. दहा ते बारा तुमच्या धाकट्याबरोबर बसून आतल्या खोलीतली एक फळी आवरली. दोन तासांत एकच फळी. घरातून तीन वस्तू बाहेर गेल्या: झाकण नसलेलं मिक्सरचं भांडं, जळालेला पंख्याचा रेग्युलेटर आणि काच फुटलेलं हेल्मेट. जेवून चारच्या गाडीने परत आले. आता साडेसहा वाजलेत. हे फिरायला गेलेत. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. वडगाव ते उचगाव हे अंतर पत्र लिहिण्याइतकं नव्हतंच, आणि समोर बसून बोलण्याची आपल्या दोघांना फारशी सवय नव्हती. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं लिहिली, दाखले लिहिले, जावक क्रमांक टाकले. हे पत्र लिहायला बसले तेव्हा हातानं आधी वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांकासाठी जागा सोडली. मग माझं मलाच हसू आलं.

दोन महिन्यांपूर्वी मी एका डॉक्टरीणबाईंना तुमचं काम समजावून सांगितलं. ते का सांगावं लागलं ते पुढे लिहिते. त्यांना म्हटलं, कारखान्यात बिडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी त्याचं तसंच लाकडी रूप लागतं. ते वाळूत दाबलं की पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. त्या लाकडी रूपाला पॅटर्न म्हणतात. माझे वडील पॅटर्न करायचे. त्यांनी विचारलं, मग भाग ओतून झाल्यावर त्या पॅटर्नचं काय होतं? मी म्हटलं, तिथूनच सगळं सुरू झालं.

पॅटर्न पार्टीचा असतो. म्हणजे ज्याने तो करायला सांगितला त्या गिऱ्हाइकाचा. पुन्हा माल काढायचा झाला की तो येणार, म्हणून तोवर पॅटर्न तुमच्याकडे राहायचा. वहीत त्याची नोंद असायची: आला कधी, गेला कधी, नेणाराची सही, आणि शेवटी तुमची लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. ती खूण तुम्ही सही बघून करत नव्हता. आधी रॅकपाशी जाऊन ती जागा खरंच रिकामी झाली आहे का ते बघायचात आणि मग करायचात. शाईचे डाग पडलेली, लाल कापडी पाठीची ती वही शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. शाळेतून आले की मी ती उगाच उघडून वाचायची. तेव्हा मला वाटायचं की जगातल्या सगळ्या वस्तूंची कुठे ना कुठे अशी एक वही असणार.

दर रविवारी मी तुमच्याबरोबर शेडमध्ये यायची, कारण माझं अक्षर चांगलं होतं. लाख लावून वाळलेल्या पॅटर्नवर पिवळ्या रंगानं पार्टीचं नाव आणि भागाचा नंबर घालायचं काम माझं होतं. ब्रश धरायला तुम्हीच शिकवलंत, मनगट लाकडावर टेकवून, श्वास रोखून. एकदा मी घाईत नंबर चुकवला आणि वरूनच दुरुस्त केला. तुम्ही ओरडला नाहीत. काचेचा तुकडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "खरवड सगळं. पार्टीची वस्तू हाय ती. तिच्यावर आपली चूक ऱ्हायला नको." मी रडत रडत खरवडलं. नंतर तुम्ही बस स्टँडवर नेऊन मला उसाचा रस पाजला, आणि माझा संपल्यावर तुमच्या ग्लासातला अर्धा माझ्यात ओतला.

आणि ती पट्टी. सहावीत माझी पट्टी हरवली म्हणून मी न विचारता तुमची पितळी पट्टी भूमितीच्या तासाला नेली. वर्गात सगळ्यांच्या रेघा बरोबर आणि माझीच प्रत्येक रेघ थोडी मोठी. सरांनी पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, ही पट्टी खोटी आहे. घरी येऊन मी तुम्हाला तसंच सांगितलं. तुम्ही इतके हसलात की आई स्वयंपाक सोडून बाहेर आली. "खोटी न्हाय पोरी, बिडाची पट्टी हाय ती. बीड गार झालं की आकसतंय. म्हणून माप आधीच जरा जादा धरायचं." पुढे माझ्या लग्नात तुम्ही सागवानी पोळपाट करून दिलात, तो त्याच पट्टीनं. इथल्या फडताळात पोळपाटाची खाच होती, तिच्यात तो केसभर मोठा झाल्यामुळे कधी बसलाच नाही. आजही ओट्यावरच असतो. पण तीन पायांवर इतका पक्का आहे की आजवर एकदाही डुगडुगला नाही.

हे सगळं आठवताना बरं वाटतं. पण डॉक्टरीणबाईंना मी हे एवढंच सांगून थांबले असते तर ते खोटं झालं असतं.

इंजिनांचे कारखाने एकेक करून बंद झाले आणि पार्ट्या यायच्या थांबल्या. तुम्ही शेडची जागा सोडलीत आणि पॅटर्न घरी आणलेत. आतल्या खोलीची एक भिंत भरली. तोवर ते आम्हाला कळत होतं. पण नंतर पॅटर्न बांधायला म्हणून सुतळी आली, सुतळी ठेवायला डबे आले, डब्यांवर झाकायला पोती आली. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, जुनी कॅलेंडरं, मोडक्या खुर्च्यांचे पाय, सायकलीच्या ट्यूबा. काहीही उचललं की तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे, लागतंय." आणि जास्त बोललं की चेहरा असा व्हायचा, जणू कोणी तुमचं बोट पिरगाळलं. मला बघायला पाहुणे आले ते मावशीच्या घरी आले, कारण आपल्या घरात त्यांना बसवायला जागा नव्हती. आई गॅसची टाकी बदलायला आडवी होऊन आत शिरायची. शेजारच्या बाईला ती हसत हसत सांगायची, "ह्या घरात मीच तेवढी जादाची हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

तुम्ही हर्नियाच्या ऑपरेशनला आठ दिवस सरकारी दवाखान्यात होता. धाकटा तुमच्याजवळ थांबला. मी रजा काढून आईजवळ आले. ठरवून नाही आले. पहिल्या दिवशी आईने आतल्या खोलीचं दार उघडून दाखवलं आणि म्हणाली, "बघ, तुझा बा येस्तोवर मला एक कोपरा मोकळा करून दे. एकच." मी पदर खोचला, आणि एका कोपऱ्यावर थांबले नाही. डबे, बाटल्या, लोखंड भंगारवाला घेऊन गेला. पॅटर्न त्यानं घेतले नाहीत. लाखेचं लाकूड, आत खिळे, कोण घेणार? मग आई म्हणाली, बंबात घालू.

आठ दिवस आपल्या घरात पाणी कधी नव्हे इतकं कडकडीत तापलं. जुना साग, तो काय सुरेख जळतो. मोरीत लाखेचा वास भरून राहिला होता. शेजारणीही टोपली टोपली घेऊन गेल्या. मी एकेक तुकडा बंबात सरकवत होते आणि त्याच्यावर माझं पिवळं अक्षर दिसत होतं. मला वाईट वाटलं असं मी आत्ता म्हणू शकते, पण तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला हलकं वाटत होतं. आई त्या खोलीत चटई टाकून दुपारी पाय पसरून झोपली होती, आणि ते बघून मला वाटलं की मी आयुष्यात काहीतरी एक चांगलं काम केलं.

तुम्ही घरी आलात. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून आतल्या खोलीच्या दारात उभे राहिलात. भिंतीला चुना मारलेला होता. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं: आबा, आईला त्रास होत होता, घरात उंदीर झाले होते, तुमच्याच भल्यासाठी केलं. ते तोंडातून निघायच्या आत तुम्ही भिंतीकडे बघतच विचारलंत, "पार्टी आल्ती?"

मी म्हटलं, "व्हय."

"समद्या?"

"व्हय. निरोप धाडला होता."

"सह्या घेतल्या न्हवं?"

"घेतल्या."

तुम्ही मान हलवलीत आणि खाटेवर आडवे झालात. आई मोरीच्या दारातून माझ्याकडे बघत राहिली. दुपारी तुम्हाला झोप लागल्यावर मी वही काढली. अकरा पार्ट्यांचे पॅटर्न जमा दिसत होते. तीन वेगवेगळी पेनं घेतली, काही सह्या मराठीत केल्या, काही इंग्रजीत, एक डाव्या हाताने. अर्ध्या तासात अकरा माणसं येऊन गेली. वही होती तिथे ठेवून संध्याकाळच्या गाडीने मी वडगावला परत आले.

तुम्ही ती वही पुन्हा उघडली असेल असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. पण वर्षाच्या आत ती भिंत पुन्हा भरली, आणि या वेळी पॅटर्न नव्हते. खोकी, तुटलेल्या छत्र्या, कोणाच्या तरी दारातून आणलेली बिनपायांची मेजं. त्या खोलीला तुम्ही कुलूप लावलंत आणि किल्ली जानव्यासारखी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलीत. मी आले की तुम्ही आधीसारखंच "आलीस व्हय पोरी" म्हणायचात, माझ्यासाठी स्टँडवरून पेरू आणून ठेवायचात. फक्त त्या खोलीच्या दिशेने मी गेले की तुमचा हात आपोआप गळ्याशी जायचा. चार वर्षं. मग तुम्ही गेलात, पुढच्या वर्षी आई गेली, आणि किल्ली धाकट्याकडे राहिली.

आता धाकट्याचं सांगते. त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान तुम्ही बघितलंत. लोक वस्तू दुरुस्तीला टाकतात आणि नवीन घेतली की जुनी न्यायला येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं आणि तो सगळा माल घरी आला. आतली खोली तर भरलेलीच होती, आता बाहेरची भरली, मग जिना. त्याला काही म्हटलं की सांगतो, "गिऱ्हाईक येतंय की कधीतरी. आलं आणि वस्तू न्हाय दिसली तर काय तोंड दाखवू?" आबा, बोलताना त्याचा आवाज हुबेहूब तुमचा होतो.

उन्हाळ्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर आठ दिवस तो माझ्याकडे राहणार होता. त्याच्या बायकोचा फोन आला. "वन्सं, टेम्पो सांगून ठेवलाय. तुम्ही त्यास्नी तिकडंच धरून ठेवा, हिकडं मी बघतो. न्हायतर असं करा, तुम्हीच या. तुम्हाला ठावं हाय कसं करायचं ते. मागल्या बारीला तुम्हीच तर केलंतासा." तिचा राग नाही. ती भांडत नाही आता, दमली आहे. पुढे म्हणाली, "मी काय सोफा मागत न्हाय वन्सं. चालायला वाट तेवढी मागतो." मला आईची आठवण झाली. जरा वेळ मी खरंच विचार केला की यावं, टेम्पो भरावा. मग म्हटलं, "टेम्पो रद्द कर. मला एक महिना दे."

त्याला डॉक्टरकडे नेणं सोपं नव्हतं, महिन्याचे चार महिने झाले. "मी काय येडा हाय व्हय?" मी म्हटलं, मलाही झोप लागत नाही, माझ्यासाठी चल. ते खोटं नव्हतं. कोल्हापुरातल्या त्या बाई मनोविकारतज्ज्ञ आहेत, वयाने आपल्या धाकट्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी या साठवत जाण्याच्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं तर हा म्हणतो, "होर्डिंग म्हंजे चौकात वाढदिवसाचं लावत्यात, त्ये?" त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "नाही काका, हे त्याहून अवघड. ते पालिकावाले काढू शकतात, हे तुमच्याशिवाय कोणालाच काढता येत नाही." तेव्हापासून त्याला त्या आवडतात.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या पद्धतीने लिहिते. हा आळस नाही आणि चिक्कूपणाही नाही. वस्तू टाकायची की ठेवायची हे ठरवणं आपल्याला क्षणाचं काम वाटतं, पण अशा माणसाला त्यात खराच त्रास होतो, अंगात होतो. कोणाला वाटतं वस्तू पुढे लागेल, कोणाला वाटतं तिच्यात आपलं माणूस आहे, आणि कोणाला वाटतं तिची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे. टाकायचं टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस टाळत जातो आणि ढीग वाढत जातो. कधी हा आजार घरात वडिलांना असतो आणि मग मुलात दिसतो. सोबत मन खचलेलं असेल तर त्यावर गोळ्या देतात, धाकट्याला दिल्यात, पण खरा उपचार हळूहळू करायच्या सवयीचा आहे. मी विचारलं, माझ्या वडिलांना हा आजार होता की ते प्रामाणिक होते? त्या म्हणाल्या, "दोन्ही असू शकतं की. प्रामाणिक माणसाला ताप येत नाही का?" आबा, हे मला कोणी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, घरात कोणी याआधी न विचारता सगळं काढून टाकलं होतं का? धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. एकदा. वडिलांचं." "मग?" "वर्षात पुन्हा भरलं. आणि कुलूप लागलं." त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की बहुतेक घरी असंच होतं, माणसं प्रेमानेच करतात, पण त्यानंतर त्या माणसाचा घरच्यांवरचा विश्वास जातो आणि तो मिळवायला ढिगापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून नियम एकच: प्रत्येक वस्तूला हात त्याचा लागला पाहिजे. त्याला विचारल्याशिवाय सुतळीचा तोडासुद्धा घराबाहेर जाता कामा नये.

आज तो पहिला दिवस होता. धाकट्याने स्वतः कुलूप काढलं. किल्ली तीच, दोरा बदललाय. दार उघडताना म्हणाला, "आक्का, तू हायस म्हणून उघडतोय. दुसऱ्या कुणाला उघडलं नसतं." आम्ही जमिनीवर बसलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो वस्तू हातात घेतो, ठेवायची, द्यायची की सोडायची ते ठरवतो, आणि सोडताना किती त्रास होतोय ते दहापैकी सांगतो. मी वहीत लिहिते. पहिलं ते मिक्सरचं भांडं. मी विचारलं, "दहापैकी किती?" म्हणाला, "अकरा." घाम आला होता त्याला. त्याची बायको चहा ठेवून गेली, ओठ इतके घट्ट मिटलेले की मला वाटलं आता बशीच फोडेल, पण एक शब्द बोलली नाही. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. "आता सा." मग स्वतःच हसला. "भांडं न्हाय मेलं आन मीबी न्हाय मेलो." ते भांडं त्यानं स्वतः नेऊन बाहेरच्या बादलीत ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि परत येऊन पाणी प्यायला.

साडेअकराला दारात कोणीतरी हाक मारली म्हणून तो उठून गेला. मी फळीवरचं पोतं जरा सरकवलं आणि मागे ती वही दिसली. लाल कापडी पाठ, शाईचे डाग. धाकटा बाहेर बोलत होता. मी वही उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली, टॉवेलखाली. किती वेळ लागला असेल? जेवढा बंबात एक तुकडा सरकवायला लागायचा तेवढाच.

एसटीत उघडली. शेवटचं भरलेलं पान. माझ्या अकरा सह्या. आबा, त्या किती वाईट आहेत. मला वाटत होतं मी अकरा माणसांसारखं लिहिलं. पण डाव्या हाताने केलेली एक सोडली तर बाकी सगळ्यांचं वळण एकच आहे, मनगट टेकवून काढलेलं, तुम्ही शिकवलेलं. मुरगूडच्या पार्टीच्या ओळीखाली बारीक अक्षरात तुमची जुनी नोंद होती. त्या दुपारी घाईत मी ती वाचलीच नव्हती. "मालक वारले. मातीला जाऊन आलो. पॅटर्नचं काय करायचं मुलाला विचारणे." आणि बरोब्बर तिच्या वर, नेणाराची सही म्हणून, वारलेल्या माणसाची झोकदार सही.

त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीची बरोबरची खूण आहे. अकराही ओळींपुढे आहे. म्हणजे तुम्ही वही उघडली होती. ऑपरेशनचे टाके ओले असताना उठून, रिकाम्या भिंतीपाशी जाऊन, एकेक जागा बघून, एकेक खूण केली होती. मेलेल्या माणसाच्या सहीपुढेसुद्धा.

एसटी हातकणंगलेच्या फाट्यावर थांबली होती आणि मी विचार करत होते की तुम्ही मला "पार्टी आल्ती?" असं का विचारलं असेल. "काय केलंस" असं विचारता आलं असतं. भिंतीचा चुना ओला होता, मोरीत लाखेचा वास होता. लाखेचा वास तुम्हाला कळला नसेल असं मी इतकी वर्षं कसं धरून चालले? तुम्ही मला बोलायला एक जागा करून दिलीत, जरा जादा माप धरून, आणि मी तिच्यात जाऊन बसले. पण तुम्हाला मात्र त्यानंतर गळ्यात किल्ली घालावी लागली. दोन्ही खरं आहे. तुम्ही मला सांभाळलंत आणि माझ्यावर विश्वास ठेवणं सोडलंत.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. वही समोर टेबलावर होती आणि मला तिच्याकडे बघवेना. उठून धाकट्याला फोन लावला.

"पोचलीस व्हय आक्का?"

म्हटलं, "पोचले. ऐक, मी तुझ्या फळीवरनं एक वही आणलीय. तुला न विचारता."

मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बारीक केला.

"आबांची?"

"हो."

"ठावं हाय. पिशवी घेऊन निघालीस तवा वहीचं टोक भाईर आल्तं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं बघू, सांगती का न्हाय." मग म्हणाला, "तासभर तुझ्या फोनची वाटच बघत हुतो. म्हटलं आक्काबी तसंच करती म्हंजे मग संपलंच. दार कुणासाठी उघडायचं?"

पुढे म्हणाला, "आता असं कर, येताना परत घिऊन ये. फळीवर ठेव हुती तिथं. मग मला इचार, न्यायची का म्हणून. मग मी सांगतो ठेवायची का द्यायची."

"आणि नाही म्हणालास तर?"

"तर न्हाय. पार्टीची वस्तू हाय ती आता." आणि हसला. नंतर म्हणाला, "दहापैकी किती गं, फोन करताना?"

मी म्हटलं, "अकरा." खरं म्हणजे मी अजून घाबरलेलीच होते, पण तो इतका हसला की त्याच्या बायकोने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

वहीत काय आहे ते मी त्याला सांगितलं नाही. ते तुमच्यासाठी ठेवलं होतं, कारण आधी तुम्हाला सांगायला हवं. त्या अकरा सह्या माझ्या आहेत, आबा. पार्टी आली नव्हती. एकही आली नव्हती. तुम्हाला माहीत होतं हे मला आज कळलं, पण तुम्हाला माहीत असणं आणि मी सांगणं यात फरक आहे. एवढं वाक्य लिहायला मला सव्वीस वर्षं लागली.

हे कागद मी वहीत ठेवणार नाही. वही त्याची आहे, तिच्यात न विचारता माझं काही घालायचं नाही. वही पिशवीत घालून पिशवी दाराशी अडकवली आहे, म्हणजे जाताना विसरायची नाही. कागदांना अजून जागा सापडलेली नाही. तूर्त ओट्यावर डब्याखाली सरकवून ठेवते.

यांची यायची वेळ झाली. कणीक मघाशीच भिजवून ठेवली होती. ओटा पुसून पोळपाट मांडते आणि पहिला गोळा लाटायला घेते.